कोकणचा पाठ शिकविताना

कोकणात भात, नारळ व सुपारी होते, हे वाक्य विद्यार्थी सहज पाठ करतात. परंतु ही पिके तेथेच का होतात, हे त्यांस सांगता येत नाही. शिक्षकांनी याचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यापासूनच शोधावयास लावावे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व पाऊस देतात. म्हणून कोकणाप्रमाणेच आपल्या इगतपुरी, पेठ व सुरगाणा तालुक्यांतही भात व नागली पिकते. घाटमाथा ओलांडल्यावर पाऊस उणावतो. त्यामुळे सिन्नर-येवल्याकडे बाजरी पेरतात. नारळास मात्र पाण्याबरोबरच बारमाही उबदार व दमट हवा लागते. ती समुद्रकाठी लाभते.

लोकांचे सणही अशा परिस्थितीतूनच घडतात. श्रावणी पौर्णिमेस कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात. पंधरा दिवसांनी, श्रावणी अमावास्येस, आपल्याकडे पोळ्याला बैलांची पूजा होते. ज्याच्या आधारे पोट भरते, त्याच्याविषयीची कृतज्ञता दोन्हीकडे एकच आहे.

सबब पाठ आरंभिण्यापूर्वी प्रथम विचारावे : आपल्या गावी कोणते पीक येते, आणि का? हे उत्तर ज्यास देता आले, त्यास कोकण घोकावे लागणार नाही.