उशाशी बसणाऱ्यांची शाळा

एका रुग्णासाठी ४२ तास. समोर दोन थेरपिस्ट बसणार, म्हणजे माणसांच्या हिशेबाने ८४. युद्ध, बलात्कार, बालपणातले अत्याचार अशा आघातांनंतर वर्षानुवर्षं पाठ न सोडणारा जो आजार आता पीटीएसडी या नावाने ओळखला जातो, त्यावर अमेरिकेत एमडीएमए या द्रव्याच्या चाचण्या झाल्या. हा आकडा त्यांच्या वेळापत्रकातून निघतो. दीड-दीड तासाच्या तीन बैठका तयारीच्या. मग काही आठवड्यांच्या अंतराने औषधाचे तीन दिवस, प्रत्येकी आठ तासांचे. त्या दिवसांत मनातून जे वर आलं ते पचवण्यासाठी दीड तासाच्या नऊ बैठका. औषध पोटात जातं ते फक्त तीन दिवस. बाकी सगळा वेळ माणसांनी माणसाला द्यायचा असतो.

एमडीएमए, सायलोसायबिन, एलएसडी अशा, मनाची अवस्था बदलणाऱ्या सायकेडेलिक द्रव्यांविषयी आजकाल पुष्कळ छापून येतं. मेंदूची रंगीत चित्रं येतात, कंपन्यांच्या समभागांचे भाव येतात. त्या ४२ तासांत रुग्णाच्या उशाशी कोण बसतं, त्याला ते काम कुणी शिकवलं आणि तो चुकला तर कुणाला कळतं, हे फार थोडे लोक विचारतात. हा सगळा प्रयोग तरेल की बुडेल ते याच प्रश्नावर ठरेल, असं मला वाटतं.

आधी ती खोली डोळ्यांसमोर आणू. पलंग किंवा सोफा, मंद उजेड. रुग्ण आडवा झालेला, डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, त्यांतून संगीत. सायलोसायबिन दिलं असेल तर सहा तास, एमडीएमए असेल तर आठ. एमडीएमएने रक्तदाब आणि नाडी वाढते, म्हणून ठरावीक वेळाने मोजमाप. शौचालयापर्यंत सोबत करायची. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांना किंवा जवळच्या नात्यात तो असलेल्यांना तयारीच्या आधीच वगळलेलं असतं. हे सगळं कुठल्याही चांगल्या परिचारिकेला आठवड्यात शिकवता येईल.

अवघड भाग पुढे आहे. आपला नेहमीचा मनोचिकित्सक बोलण्यात तयार झालेला असतो. प्रश्न विचारायचा, रुग्णाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत मांडायचं, अर्थ लावून दाखवायचा, घरी करायला काही द्यायचं आणि तासाभरात उठायचं. इथे ती सगळी हत्यारं खाली ठेवावी लागतात. मायकेल आणि ॲनी मिथोफर या दांपत्याने चार्ल्सटन गावी एमडीएमएच्या चाचण्या केल्या. त्या अनुभवावर उभ्या राहिलेल्या मार्गदर्शिकेचा गाभा हाच, की रुग्ण जिकडे जाईल तिकडे मागून जा, पुढे चालू नका. कुणी रडू लागलं की "रडू नकोस" म्हणायची आपल्याला घराघरात सवय. शिकाऊ थेरपिस्टाला ती मोडावी लागते, कारण वीस वर्षं अडकून राहिलेलं रडू अर्ध्यावर थांबवणं ही इथे चूक ठरते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुग्णाला आधीच सांगून ठेवतात, की आत काही भयंकर दिसलं तर पाठ फिरवून पळू नका; त्याच्याकडे बघा, तू कोण आहेस आणि मला काय सांगायला आलास, असं त्यालाच विचारा. हे सांगणं सोपं. किंचाळणाऱ्या माणसाशेजारी स्वतःचा श्वास शांत ठेवून बसणं सोपं नाही.

म्हणून या प्रशिक्षणात व्याख्यानांबरोबर पुष्कळ वेळ चित्रफिती पाहण्यात जातो. चाचण्यांमधल्या सत्रांची चित्रणं लावायची आणि बघत राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, मग अचानक सगळं एकदम घडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज या संस्थेत २०१६ मध्ये या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या प्रमुख जॅनिस फेल्प्स यांनी २०१७ मध्ये या थेरपिस्टाच्या अंगी हव्या असलेल्या सहा क्षमता लिहून काढल्या. पहिली समानुभूतीने टिकून राहण्याची. रुग्णाचा विश्वास वाढवणं, आध्यात्मिक अनुभवांची समज, द्रव्यांचे शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम, पूरक उपचारपद्धतींचं कौशल्य या इतर चार. आणि एक स्वतःच्या मनाची ओळख आणि नैतिक सचोटी. बाकीच्या पाचांची परीक्षा घेता येईल. या एकीची कशी घेणार?

हे ज्ञान मुळात शाळेत वाढलेलंच नाही. ते गुरूकडून शिष्याकडे, बरंचसं तोंडी, असं आलेलं आहे.

अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत एलएसडी बनवलं आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचा परिणाम स्वतःवर अनुभवला. पुढे कंपनीने ते डेलिसिड या नावाने डॉक्टरांना द्यायला सुरुवात केली. सोबतच्या माहितीपत्रकात दोन उपयोग सुचवले होते. एक मनोविश्लेषणात रुग्णाला मोकळं करण्यासाठी. दुसरा असा, की मनोविकारतज्ज्ञाने हे स्वतः घ्यावं, म्हणजे रुग्णाच्या जगात काय चालतं याची त्याला कल्पना येईल. औषधकंपनीने डॉक्टरला 'आधी तुम्ही घ्या' असं लेखी सुचवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. उशाशी बसणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा तिथे लिहिला गेला, आणि त्यावरचा वादही तिथूनच सुरू झाला.

मेरीलँडमधल्या स्प्रिंग ग्रोव्ह रुग्णालयात आणि त्याला जोडून उभ्या राहिलेल्या मनोविकार संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात हे काम सर्वांत शिस्तीने झालं. व्यसनी आणि कर्करोगाने मरणपंथाला लागलेले रुग्ण तिथे उपचार घेत. हेलन बॉनी या संगीतोपचारतज्ज्ञ बाईंनी सत्रातल्या कुठल्या टप्प्याला कसलं संगीत हवं याची घडी तिथेच बसवली. थेरपिस्ट होऊ पाहणाऱ्याला स्वतः एलएसडी घ्यावं लागे. मानसिक आरोग्यात काम करणारे इतर व्यावसायिक आणि धर्मोपदेशक यांनाही तसा अनुभव घेता येईल अशी रीतसर योजना होती. प्रागहून आलेले मनोविकारतज्ज्ञ स्टानिस्लाव ग्रॉफ १९६७ पासून या कामात होते, आणि मानसशास्त्रज्ञ बिल रिचर्ड्सही.

१९७० च्या कायद्याने अमेरिकेत ही द्रव्यं सर्वांत कडक बंदीच्या यादीत गेली. केंद्रातलं काम आटत गेलं. १९७७ मध्ये तिथला शेवटचा सायलोसायबिनचा रुग्ण रिचर्ड्स यांनीच हाताळला. बावीस वर्षांनी हॉपकिन्समध्ये रोलंड ग्रिफिथ्स यांनी काम पुन्हा सुरू केलं तेव्हा उशाशी कसं बसायचं हे आठवणारा माणूस म्हणून पुन्हा रिचर्ड्सच सापडले. एका माणसाच्या स्मरणात एक विद्या बावीस वर्षं तग धरून होती.

ग्रॉफ यांनी वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेत पत्नी क्रिस्टिना यांच्यासोबत त्यांनी औषधाशिवाय, वेगवान श्वसन आणि संगीत यांच्या आधारे तशाच मनोवस्थेकडे नेणारी पद्धत बसवली. तिला होलोट्रॉपिक श्वसन म्हणतात. यात दोघांची जोडी असते. एक श्वास घेतो, दुसरा उशाशी बसतो, मग भूमिका बदलतात. बंदीच्या काळात बसण्याचा सराव चालू राहिला तो असा. या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. क्रिस्टिना ग्रॉफ गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या शिष्या होत्या, आणि १९८२ मध्ये ग्रॉफ यांच्या पुढाकाराने भरलेली आंतरराष्ट्रीय ट्रान्सपर्सनल परिषद मुंबईतच झाली. मिथोफर दांपत्य याच श्वसनपद्धतीत तयार झालं. एमडीएमएच्या मार्गदर्शिकेत रुग्णाच्या आतच बरं करणारी एक शक्ती असते, थेरपिस्टाने तिच्या वाटेत येऊ नये, हा जो विश्वास आहे, त्याची मुळं इथवर पोचतात.

तिसरी वाट चोरीची होती. ओकलंडचे लिओ झेफ हे मानसशास्त्रज्ञ निवृत्तीच्या बेतात असताना १९७७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी त्यांना एमडीएमएची ओळख करून दिली. झेफ यांनी निवृत्ती बाजूला ठेवली आणि फिरून कित्येक थेरपिस्टांना ते कसं वापरावं हे शिकवलं. १९८५ मध्ये एमडीएमएवरही बंदी आली. शिकलेले लोक मात्र होतेच, आणि ते गुपचूप पुढच्यांना शिकवत राहिले.

परंपरेचं बळ मी कमी लेखत नाही. आपल्याकडे गाणं असंच टिकलं. पण गाण्याचा शिष्य बेसूर झाला तर मैफिलीत सगळ्यांना ऐकू येतं. बंद खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आणि औषधाने मन पातळ झालेल्या माणसापाशी कोण बेसूर झाला, हे कुणाला ऐकू येणार? बर्लिनमध्ये २००९ साली एका डॉक्टरने अशाच गुप्त गटसत्रात एमडीएमएची भलतीच मोठी मात्रा दिली आणि दोन माणसं दगावली.

व्हँकुव्हरमध्ये जे घडलं ते तर अधिकृत चाचणीत, कॅमेऱ्यासमोर घडलं. तिथे २०१५ च्या सुमारास एमडीएमएच्या दुसऱ्या टप्प्याची चाचणी चालू होती. थेरपिस्ट म्हणून एक जोडपं होतं. त्यांतल्या पुरुषाकडे मनोचिकित्सेचा परवाना नव्हता. सत्रांच्या चित्रणात ते दोघे रुग्ण बाईच्या अंगाला लगटून झोपलेले, तिला दाबून धरलेले दिसतात. पुढे त्या पुरुषाने तिच्याशी लैंगिक संबंधही ठेवले. चाचणीची प्रायोजक असलेल्या मॅप्स या संस्थेने २०१९ मध्ये नीतिभंग झाल्याचं जाहीर केलं. कॅमेरा पहिल्या दिवसापासून भिंतीवर होता. त्याने टिपलेलं वेळेत कुणी नीट पाहिलं नाही.

स्पर्शाचा प्रश्न प्रशिक्षणात आता फार बारकाईने येतो, तो यामुळे. हात धरायचा का, खांद्यावर हात ठेवायचा का, कुठवर, हे सगळं औषध घेण्याआधी, शुद्धीवर असताना ठरवायचं. औषधाच्या अमलाखाली रुग्णाने त्यापुढचं काही मागितलं तरी ते मान्य करायचं नाही, कारण त्या वेळचा होकार हा होकार नव्हे. आधी ठरलेलं त्या क्षणी नको वाटलं, तर मात्र नकार ताबडतोब मानायचा. होकार गोठवलेला, नकार सदैव मोकळा. इतकं साधं, आणि ते लिहून ठेवण्यासाठी एका बाईला एवढी किंमत मोजावी लागली.

एमडीएमएच्या चाचण्यांच्या निकालांचे आकडे मात्र मोठे होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या अभ्यासात ९० रुग्ण होते. एमडीएमए मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोक अखेरीस पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. थेरपी मिळाली पण औषधाच्या जागी निष्क्रिय गोळी मिळाली अशांत हेच प्रमाण ३२ टक्के. ही दुसरी संख्या मला अधिक बोलकी वाटते. तिघांतला जवळजवळ एक जण नुसत्या बैठकांनी सावरला. तरीही जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने परिणामकारकतेवर ९ विरुद्ध २ आणि धोक्यापेक्षा लाभ जास्त आहे का यावर १० विरुद्ध १ असा प्रतिकूल कौल दिला. ९ ऑगस्टला मंजुरी नाकारली गेली आणि आणखी एक चाचणी मागितली गेली. रुग्णाला आपण काय घेतलं ते सहज कळतं, हा एक आक्षेप होता. थेरपीचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा दुसरा. आणि एफडीए औषधाला परवानगी देते, मनोचिकित्सेवर तिचा अधिकार नाही. ४२ तासांतल्या गोळीवर सरकारचं लक्ष, माणसावर कुणाचंच नाही. त्याच ऑगस्टमध्ये सायकोफार्माकोलॉजी या नियतकालिकाने व्हँकुव्हरच्या नीतिभंगाचं कारण देऊन तीन शोधनिबंध मागे घेतले.

मग थेरपिस्टाने स्वतः हे द्रव्य घेतलेलं असावं का? मॅप्सने प्रशिक्षणार्थींना कायदेशीरपणे एमडीएमए घेता यावं म्हणून एक स्वतंत्र चाचणीच मंजूर करून घेतली होती. मनोविश्लेषकाला स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं, तसंच हे, असं समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पुराच्या पाण्यात एकदा उतरलेला माणूस दुसऱ्याला पोहताना बघून घाबरत नाही. पण मला उलट बाजूही दिसते. ज्याचं स्वतःचं आयुष्य त्या अनुभवाने बदललं, त्याला रुग्णाची प्रत्येक कळ ही बरं होण्याचीच कळ वाटू लागते. अनुभव असावा, पण तो पात्रतेचा पुरावा मानू नये. व्हँकुव्हरच्या त्या जोडप्याकडे अनुभवाची कमतरता नव्हती.

ऑरेगॉन राज्याने वेगळा मार्ग काढला. २०२० च्या सार्वमताने तिथे सायलोसायबिन सेवा कायदेशीर झाली, आणि उशाशी बसणारा थेरपिस्ट असण्याची अटच ठेवली नाही. एकवीस वर्षं पूर्ण, शालेय शिक्षण, १२० तासांचा अभ्यासक्रम आणि ४० तासांचं प्रत्यक्ष काम, या परवान्याच्या मुख्य अटी. २०२३ मध्ये पहिली तुकडी शिकून बाहेर पडली तेव्हा एकही सेवाकेंद्र उघडलेलं नव्हतं. पोहायला शिकवून झालं होतं, तलाव भरायचा राहिला होता. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं. नैतिकता समितीची संमती लागते.

भारतात एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए ही सगळी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात, त्यामुळे हा विषय लांबचा वाटेल. केटामाइन मात्र इथेच आहे. भूल देण्यासाठी ते आपल्या शस्त्रक्रियागृहांत कधीपासून वापरतात, आणि हट्टी नैराश्यासाठी मुंबई-पुण्यातले काही मनोविकारतज्ज्ञही ते देतात. शिरेतून, साधारण चाळीस मिनिटांत. त्या वेळात माणूस स्वतःच्या देहापासून सुटल्यासारखा होऊ शकतो, वेळेचं भान जाऊ शकतं, घाबरायला होऊ शकतं. तुमच्या घरातल्या कुणाला हा उपचार सुचवला गेला, तर औषधाची मात्रा आणि खर्च विचारालच. सोबत एवढंही विचारा: सुई लागल्यापासून ती चाळीस मिनिटं खोलीत कोण बसणार आहे, त्यांना हे काम कुणी शिकवलं, आणि शुद्ध आल्यावर जे बोलावंसं वाटेल ते ऐकायला दुसऱ्या दिवशी कोण भेटेल?