धातूंची सोयरीक

कलाशाखेच्या वार्षिकात धातूंवर लेख, आणि तोही शिडाच्या होडीला लागणाऱ्या धातूंवर! समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरकरांना हे जरा चमत्कारिक वाटेल. पण नौदल छात्रसेनेतील आम्ही विद्यार्थी अंबाझरी तलावात शिडाची होडी हाकायला शिकतो. आणि होडी म्हटली की तिचे झिजलेले सुटे भाग बदलणे आलेच. नवा भाग कोणत्या धातूचा घ्यावा, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

होडीची डोलकाठी केवळ स्वतःच्या बळावर उभी नसते. तिला पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी तारांच्या दोरांनी ताणून धरलेले असते. दोराच्या खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल असतो आणि तो एका पिनेने होडीच्या अंगात बसवलेल्या धातूच्या पट्टीला जोडलेला असतो. करंगळीएवढी ती पिन तुटली, तर सारी डोलकाठी आडवी होऊ शकते. तलावात असे झाले तर वल्ही मारत काठ गाठता येईल. पण कमांडर दिलीप दोंदे यांचा विचार करा. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत थांबे अवघे चार. मधल्या हजारो मैलांत पिन तुटली तर हाक कोणाला मारायची?

मग सर्वांत बळकट धातू घ्यावा, म्हणजे झाले, असे कोणीही म्हणेल. साधे पोलाद बळकट असते, पण खारे पाणी त्याला पाहता पाहता खाते. त्यावर जस्त चढवले तर आधी जस्त झिजते व पोलाद वाचते. जस्त संपले की संरक्षणही संपले. आपल्या शेजारचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ गंजत नाही, मग ते का नको? पितळ म्हणजे तांबे व जस्त. समुद्राच्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते तांब्याचे सच्छिद्र, ठिसूळ कलेवर. वरून पिन शाबूत दिसते, पण ताण आला की मोडते. म्हणून जुने नाविक जस्ताऐवजी कथील किंवा सिलिकॉन मिसळलेले तांबे, म्हणजे ब्राँझ, पसंत करीत.

आता स्टेनलेस स्टील. ‘स्टेनलेस’ या नावाने आपण फसतो. या पोलादातील क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ कवच तयार करते. ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळताच कवच पुन्हा धरते. परंतु जेथे पट्टी लाकडातून आरपार जाते, तेथील बंद फटीत खारे पाणी साचून राहते व प्राणवायू पोचत नाही. तेथे कवच भरून येत नाही आणि पोलाद आतून पोखरले जाते. बाहेरचा भाग मात्र चकचकीतच!

शिवाय सारे स्टेनलेस एका जातीचे नसते. बाजारातील बऱ्याच स्वस्त भांड्यांच्या पोलादात महागड्या निकेलचा काही वाटा काढून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते. मँगनीज हे तर नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्याचे वैभव! पण हे पोलाद समुद्रासाठी नव्हे. समुद्रावर ३१६ क्रमांकाचे घेतात. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते व ते मिठाला अधिक तोंड देते. लोहचुंबक लावून पारख करण्याची आपली युक्ती येथे चालत नाही, कारण या साऱ्या जाती सहसा चुंबकाला चिकटतच नाहीत. तेव्हा खात्रीच्या दुकानातून क्रमांक पाहून घेणे हाच मार्ग.

इतक्यानेही भागत नाही. सोयरीक जुळवताना मुलाइतकेच घराणेही पाहतात; तसे नव्या धातूचे शेजारी पाहावे लागतात. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले व मध्ये खारे पाणी आले, की विजेचा घट तयार होतो आणि दोहोंतील दुबळा धातू झिजतो. बॅटरीतल्या जुन्या सेलचे जस्ताचे कवच खाऊन जाते, तसेच हे. इंग्रजांच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला १७६१ साली तांब्याचा पत्रा ठोकला. काही वर्षांनी पाहतात, तो तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजलेले. मात्र जेथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद मध्ये चुकून राहिला होता, तेथील खिळे ठणठणीत! आज अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचा भाग बसवताना मध्ये नायलॉनची चकती घालतात, ती त्याच कारणाने. धातूंचे आकारमानही महत्त्वाचे. मोठ्या अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा छोटा स्क्रू एक वेळ निभावतो, पण मोठ्या स्टेनलेस पट्टीतला अॅल्युमिनियमचा रिव्हेट लवकरच नाहीसा होतो.

अंबाझरीचे पाणी गोडे असल्याने हा सारा व्यापार येथे फार मंद चालतो. येथे जी पिन वर्षानुवर्षे टिकेल, ती मालवणला लवकर दगा देईल. म्हणून माझे मत असे की, धातू निवडताना बळाबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: त्याचे शेजारी कोण, आणि मोडण्यापूर्वी तो सूचना देतो का? ब्राँझ उघड्यावर झिजते, ते डोळ्यांना दिसते. स्टेनलेस बहुधा गुपचूप दगा देते. फटीखाली उतरलेला तांबूस ओघळ एवढीच त्याची खूण. तो ओघळ फडक्याने पुसून होडी सजवू नये. आधी पिन काढावी, पट्टी उपसावी आणि आत काय चालले आहे ते पाहावे.