रविवारचा वर्ग आणि आठवडाभराची विचारपूस
प्रेस्बिटेरियन मंडळींत उपासनेखेरीज काय चालते?

चर्च म्हटले की रविवारची उपासना, गायन आणि पाळकांचे प्रवचन एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीचा कारभार जवळून पाहिला तर मात्र उपासना हा त्यातील तासाभराचा भाग असल्याचे ध्यानात येते. उरलेला आठवडा दोन कामांनी व्यापलेला असतो. एक, प्रौढांचे अभ्यासवर्ग आणि दुसरे, आजारी, वृद्ध व शोकग्रस्त सभासदांची विचारपूस. ही दोन्ही कामे प्रामुख्याने पगारी धर्मोपदेशक नव्हे, तर सामान्य सभासद करतात.

याचे मूळ या पंथाच्या नावातच आहे. ‘प्रेस्बुतेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारी व्यक्ती. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘वडील’ हाच शब्द योजलेला आहे. बिशपऐवजी सभासदांनी निवडून दिलेल्या वडिलांनी पाळकांसह मंडळीचा कारभार पाहावा, ही या पंथाची मूळ व्यवस्था. जाँ कॅल्व्हिनच्या पुढाकाराने १५४१ मध्ये जिनिव्हात जे नियम झाले, त्यात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे ठरविण्यात आली. शिकविणे आणि गोरगरीब, आजारी यांची सेवा करणे ही स्वतंत्र जबाबदारीची कामे मानली गेली, ती तेव्हापासून. जॉन नॉक्सने १५६० च्या सुमारास हीच परंपरा स्कॉटलंडमध्ये रुजविली आणि तेथून ती अमेरिकेत पोहोचली.

महाराष्ट्राला ही परंपरा अगदीच परकी नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम कोल्हापूर भागात दीर्घकाळ चालले. मिरजेला वैद्यकीय नकाशावर आणणारे डॉ. विल्यम वॉनलेस याच मिशनचे. त्यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले.

अभ्यासवर्गाचे स्वरूप साधे असते. रविवारी सकाळी उपासनेच्या आधी किंवा नंतर पाऊण-एक तास, कॉफीचे कप हाती घेऊन, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर मंडळी बसतात. बायबलमधील एखादा ग्रंथ काही आठवडे चालतो. कधी वंशभेद, पर्यावरण किंवा मृत्यूची तयारी असे विषय घेतले जातात. स्त्रियांची मंडळे महिन्यातून एकदा जमतात. ‘प्रेस्बिटेरियन विमेन’ ही संघटना त्यांच्यासाठी दरवर्षी नऊ पाठांचा बायबल अभ्यास प्रसिद्ध करते. काही गट घरोघरी भरतात आणि दहा-बारा जणांपलीकडे ते वाढू दिले जात नाहीत, कारण त्यापुढे संवाद संपतो व भाषण सुरू होते. वर्ग चालविणारा निवृत्त शिक्षक असेल, परिचारिका असेल किंवा अभियंता. प्रश्न विचारणे ही अश्रद्धा मानली जात नाही. या परंपरेत १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. धर्म शिकायचा तो प्रश्नोत्तरांतून, ही सवय जुनीच. मात्र प्रश्नोत्तरीत उत्तरे ठरलेली असत. आजच्या वर्गात ती तशी नसतात, आणि हा फरक सर्वांनाच रुचतो असे नाही.

या वर्गांचा खरा उपयोग अभ्यासापलीकडचा आहे. दोनशे जणांच्या उपासनेत एखादी वृद्धा आली नाही तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. बारा जणांच्या वर्गात तिची खुर्ची सलग दोन रविवार रिकामी राहिली, तर तिसऱ्या रविवारच्या आत कोणीतरी दूरध्वनी करतो. विचारपुशीची यंत्रणा तेथून हलते.

या यंत्रणेचा कणा म्हणजे डीकन. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात असल्याची तक्रार येते आणि ती दूर करण्यासाठी सात जण निवडले जातात. डीकनपदाचा आधार परंपरेने तेथे शोधला जातो. अनेक मंडळ्यांत प्रत्येक डीकनकडे ठरावीक कुटुंबे सोपविलेली असतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस घरी जेवण पोहोचविणे, डॉक्टरांकडे मोटारीने नेणे, अडलेल्याला एखाद्या महिन्याच्या वीजबिलापुरती गुप्तपणे मदत करणे, अशी त्यांची कामे.

त्या सात जणांपैकी स्तेफनच्या नावाने चालणारा ‘स्टीफन मिनिस्ट्री’ हा उपक्रम अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनीही स्वीकारला आहे. ल्यूथरन पाळक व मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉक यांनी १९७५ मध्ये सेंट लुईस येथे तो सुरू केला. स्वयंसेवकाला सुमारे ५० तासांचे प्रशिक्षण मिळते. त्यानंतर तो एकाच दुःखी व्यक्तीला आठवड्यातून साधारण तासभर भेटतो. पुरुष पुरुषाला व स्त्री स्त्रीलाच भेटते. काम ऐकण्याचे, सल्ला देण्याचे नव्हे. आत्महत्येचे विचार, व्यसन किंवा घरगुती हिंसाचार दिसल्यास प्रकरण तज्ज्ञांकडे सोपवावे लागते. ही सीमारेषा न पाळणारा सद्‌हेतूचा माणूसही घातक ठरू शकतो.

गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावे जाहीर करण्याची प्रथा जुनी आहे. पण कोणाचा कर्करोग किंवा कोणाचा घटस्फोट त्यातून गावभर होऊ शकतो. (प्रार्थनेच्या नावाने चाललेली कुजबुज ही केवळ अमेरिकेची मक्तेदारी नव्हे!) म्हणून संबंधिताची संमती घेतल्याखेरीज नाव घेऊ नये, असा दंडक जागरूक मंडळ्या पाळतात.

या कामाची निकड वाढली आहे. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा इशारा दिला होता. दुसरीकडे, काम करणारे हात कमी होत आहेत. १९८३ मध्ये दोन शाखांच्या एकत्रीकरणातून ‘प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए)’ स्थापन झाले तेव्हा तीस लाखांहून अधिक सभासद होते. २०२३ अखेर ते अकरा लाखांच्या आत आले. अनेक ठिकाणी सत्तरीतील डीकन नव्वदीतील सभासदाला भेटायला जातात. २०२० च्या महासाथीत वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले, तेव्हा घराबाहेर पडू न शकणारे काही वृद्ध कित्येक वर्षांनी पुन्हा वर्गात ‘बसले’. त्यामुळे काही मंडळ्यांनी वर्गखोलीतला कॅमेरा महासाथ ओसरल्यावरही काढलेला नाही. जेवणाचा डबा मात्र अजूनही कोणीतरी दारात नेऊनच द्यावा लागतो.