लिस्टमध्ये नाव नसतं तेव्हा

यंदा मी प्लेसमेंट सेलचा विद्यार्थी कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे कंपनीच्या लोकांना गेटवरून आणायचं, चहा-बिस्किटांचं बघायचं, लॅबमधले बंद पडलेले पीसी बदलायचे आणि संध्याकाळी टीपीओ सरांनी दिलेली लिस्ट ग्रुपवर टाकायची. अशा चार लिस्ट मी स्वतःच्या हाताने टाकल्या आणि चारहीमध्ये माझं नाव नव्हतं. त्यामुळे या विषयावर लिहायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं मी समजतो!

तिसऱ्या वेळी मी वाईट वागलो, ते आधी सांगून टाकतो. एचआर मॅडम गाडीत बसत होत्या. मी धावत गेलो आणि म्हणालो, "मॅडम, माझ्यापेक्षा कमी सीजीपीएवाला तुम्ही घेतला, मग मी का नाही?" त्या "ऑल द बेस्ट" म्हणाल्या आणि काच वर गेली. तो कमी सीजीपीएवाला म्हणजे माझाच रूममेट. तो मागे उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं. दोन दिवस रूमवर आमचं बोलणं नव्हतं. मेसमध्येही तो वेगळ्या टेबलावर. नोकरी न मिळाल्याचं दुःख तोपर्यंत कुठल्या कुठे गेलं होतं, हेच जास्त लागलं.

नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपण सगळ्या नकारांना एकाच मापाने मोजतो. खरं तर आपण कुठल्या टप्प्यावर बाहेर पडलो, यावर बरंच अवलंबून असतं. दहावीपासून सलग ६० टक्के हवेत, लाइव्ह बॅकलॉग नको, अशी अट असेल आणि त्यात आपण बसत नसू, तर आपल्याला कुणी नाकारलेलंच नाही. आपला फॉर्म कुणी वाचलेलाही नाही. ॲप्टिट्यूडमध्ये बऱ्याचदा प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ असतो. क्वांटमध्ये धुऊन काढलं पण व्हर्बलमध्ये घसरलो, की टोटल कितीही असो, आउट. माझ्या पहिल्या दोन कंपन्या अशाच गेल्या आणि मी मात्र "आपल्याला गणितच येत नाही" म्हणून रात्री क्वांटचं पुस्तक घेऊन बसायचो. औषध भलत्याच दुखण्यावर चाललं होतं!

इंटरव्ह्यूपर्यंत पोचून नाव आलं नाही, तर तिथे जागांचा हिशोब असतो. जागा ठरलेल्या असतात. त्या भरल्या की पुढचा चांगला मुलगासुद्धा बाहेरच राहतो. निवडलेल्यांपैकी कुणी दुसरीकडे गेलं किंवा एम.टेक.ला गेलं, तर कधीकधी त्याच यादीतल्या पुढच्या नावाला फोन जातो. आता विचार करा, गाडीच्या काचेशी भांडलेल्या मुलाला तो फोन कशाला येईल?

म्हणून चौथ्या वेळी मी त्याच दिवशी मेल टाकला. चारच ओळी. वेळ दिल्याबद्दल आभार, निर्णय समजला, पुढे जागा निघाल्यास जरूर कळवा, आणि माझ्या तयारीत कुठे कमी पडलं ते सांगता आलं तर मदत होईल. "मला का घेतलं नाही" हा प्रश्न त्यात नव्हता. तसं विचारलं की समोरचा बचावाच्या पवित्र्यात जातो. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, ते मनाला लावून घ्यायचं नाही. मला दोन ओळींचं उत्तर आलं: प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं ते सांगता आलं नाही. खरंच होतं ते. सगळं "आम्ही केलं, आम्ही केलं" करत बसलो होतो.

आणि विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. सकाळपर्यंत निम्मे विसरतात.

कलामसाहेबांची गोष्ट आपल्याला प्रत्येक गॅदरिंगला ऐकवतात. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत २५ जणांत ते नववे आले आणि घेतले आठ. त्यांच्या १९९९ सालच्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. पण भाषणांत एक तपशील राहून जातो. डेहराडूनला जाण्याआधी त्यांनी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या एका संचालनालयात दुसरा इंटरव्ह्यू देऊन ठेवला होता. पुढे नेमणूक तिथूनच आली, मूळ पगार महिना २५० रुपये. एकाच कंपनीवर जीव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगळ्यात अवघड असतो घरचा फोन. आईने शेजारी सांगून ठेवलेलं असतं, बाबा "काय झालं?" एवढंच विचारतात. मी दोनदा "रिझल्ट अजून लागला नाही" म्हणून थाप मारली. तिसऱ्यांदा खरं सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जेवलास का?" थाप मारायची गरजच नव्हती.

प्राध्यापक मंडळींना एक नम्र विनंती: भर वर्गात "काय रे, तुझं काय झालं?" असं विचारू नका. केबिनमध्ये बोलवा, आम्ही सगळं सांगतो. आणि सिलेक्ट झालेल्यांनो, पार्टी खुशाल द्या, पण "होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य आठवडाभर तरी वापरू नका!

रूममेटची माफी मी टपरीवर मागितली. त्याने कटिंगचे पैसे माझ्याकडून घेतले आणि विषय संपवला. येत्या शुक्रवारी पाचवी कंपनी येतेय. तो रोज रात्री माझा मॉक इंटरव्ह्यू घेतो आणि मी "आम्ही" म्हटलं की उशी फेकून मारतो. टायसुद्धा त्याचाच आहे.