छप्पर, अखंडसेवा इमारतींचे

ज्या इमारतींतील कामकाज थोडा वेळही बंद पडून चालत नाही, अशा इमारतींवरील छपराची विशेष रचना. डेटा सेंटर या नावाने ओळखली जाणारी संगणककेंद्रे, दूरध्वनी केंद्रे, रुग्णालये, वीजपुरवठ्याची नियंत्रण केंद्रे इत्यादींचा अशा इमारतींत समावेश होतो. सामान्य इमारतीचे छप्पर गळू लागल्यास भिंती ओलावतात, रंग उडतो व दुरुस्ती सवडीने करता येते. संगणककेंद्रात मात्र विद्युत् प्रवाह चालू असलेल्या यंत्रांवर ठिबकणारे थोडे पाणीही सेवा खंडित करण्यास पुरेसे असते. वर्षातील ९९·९९५ टक्के काळ सेवा उपलब्ध ठेवावयाची झाल्यास संपूर्ण वर्षात सु. २६ मिनिटांचाच खंड क्षम्य ठरतो. उलट छपरावरील जलाभेद्य थराचे आयुष्य साधारणपणे १५ ते ३० वर्षे असते. म्हणजे इमारतीच्या आयुष्यात तो एकदा तरी बदलावा लागतोच. म्हणून छप्पर कधीच बिघडणार नाही असे गृहीत न धरता, ते बिघडले किंवा बदलावे लागले तरी खालचे काम थांबू नये, हे या छपरांच्या अभिकल्पाचे मुख्य तत्त्व होय.

रचना : ही छपरे बहुधा सपाट दिसणारी, पण प्रत्यक्षात थोडा उतार दिलेली असतात. सर्वांत खाली सलोह काँक्रीटचा स्लॅब किंवा पन्हळी पोलादी पत्र्यांचा तक्ता, त्यावर ऊष्मानिरोधक थर, त्यावर जलाभेद्य थर व काही वेळा त्याच्यावर रक्षक थर असा सामान्य क्रम असतो. जलाभेद्य थरासाठी डांबर व नमदे यांचे एकावर एक दिलेले थर, बहुवारिके मिसळून सुधारलेल्या बिट्युमेनाच्या गुंडाळ्या, कृत्रिम रबराच्या किंवा पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकच्या चादरी, तसेच द्रवरूपात पसरून घट्ट होणारी पॉलियुरेथेनासारखी द्रव्ये वापरतात. पोलादी तक्ता हलका असून लवकर उभारता येतो. परंतु त्यात सांधे पुष्कळ असतात. काँक्रीटचा स्लॅब जड व अज्वलनशील असल्याने महत्त्वाच्या इमारतींत तोच पसंत करतात. शिवाय स्लॅबच्या पृष्ठावर एक व ऊष्मानिरोधकाच्या वर दुसरा असे दोन जलाभेद्य थर देता येतात. वरचा थर फाटला तरी खालचा पाणी अडवून धरतो व दुरुस्तीस अवधी मिळतो.

मुंबई व परिसरात गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून कठड्याशी वाटा काढण्याची पद्धत रूढ आहे. राहत्या घरांस ती सोयीची असली, तरी सरासरी १० सेंमी. जाडीच्या कोब्याचा भार दर चौ. मी.स सु. २०० किग्रॅ. होतो. शिवाय कोब्यात शिरलेले पाणी आतल्या आत दूरवर सरकते व छताला ओल दिसते तेथून पुष्कळ अंतरावर मूळ भेग असते. दोषाची जागा ताबडतोब सापडणे ही अखंडसेवा इमारतीची पहिली गरज असल्याने अशा ठिकाणी स्लॅबला पूर्ण चिकटून बसणारा थर अधिक योग्य ठरतो. त्याखाली पाण्यास सरकण्यास वाव राहत नाही.

पाण्याचा निचरा : छपरावर १ सेंमी. पाणी साचल्यास दर चौ. मी.स १० किग्रॅ. भार वाढतो. वावर असलेल्या सपाट छपरासाठी भारतीय मानकात दर चौ. मी.स सु. १५० किग्रॅ. चल भार धरतात. म्हणजे पाने किंवा पिशव्या अडकून निचऱ्याची तोंडे बुजली व १५ सेंमी. पाणी साचले, तर तेवढ्यानेच ही मर्यादा गाठली जाते. पाण्याच्या भाराने छप्पर खाली वाकते, त्या खोलगट भागात आणखी पाणी जमते व वाक अधिकच वाढतो. अमेरिकेतील कॅनझस सिटी येथील केंपर अरीना या क्रीडागृहाचे छप्पर ४ जून १९७९ रोजी वादळी पावसात कोसळले. गटारांवर एकदम ताण येऊ नये म्हणून या छपरावरील पाणी सावकाश वाहून जाईल अशी योजना होती. वारंवार बदलत्या भारामुळे शिणलेल्या बोल्टांना साचलेल्या पाण्याचा भार पेलवला नाही.

मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला; त्यांपैकी एका तासातील पाऊस सु. १९० मिमी. होता. ५,००० चौ. मी. क्षेत्रफळाच्या छपरावर अशा एका तासात ९५० घ. मी. पाणी पडते, म्हणजे दर सेकंदास सु. २६० लि. पाणी वाहून न्यावे लागते. म्हणून नेहमीच्या पन्हाळांखेरीज छपराच्या पृष्ठापासून सु. ५ सेंमी. उंचीवर कठड्यात स्वतंत्र उत्सर्ग-मोऱ्या ठेवतात. त्यांतून पाणी पडू लागले, की मुख्य मार्ग तुंबल्याची सूचनाही मिळते. पावसाच्या पाण्याचे नळ संगणककक्षातून न नेता बाहेरच्या भिंतींलगत नेतात.

वारा : छपरावरून वाहणारा वारा छप्पर दाबण्याऐवजी ते वर ओढतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुंबईसाठी मानकात धरलेल्या दर सेकंदास ४४ मी. या मूलभूत वेगास तो दर चौ. मी.स सु. ११८ किग्रॅ. इतका येतो. कडा व कोपरे येथे ओढ सर्वाधिक असते. म्हणून थर उचकटण्यास बहुधा तेथूनच सुरुवात होते व तेथील बांधणी अधिक बळकट करतात. थर दाबून ठेवण्यासाठी पसरलेली सुटी खडी वादळात उडते. १९८३ च्या ॲलिशिया चक्री वादळात ह्यूस्टन शहरातील उंच इमारतींच्या काचा अशा खडीनेही फुटल्या होत्या.

सांगाडा टिकणे व सेवा टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील जॉप्लिन येथील रुग्णालय २२ मे २०११ रोजीच्या घूर्णवातात सापडले. इमारतीचा सांगाडा उभा राहिला. परंतु खिडक्या व छपराचे आवरण यांची हानी होऊन आणि आपत्कालीन वीजपुरवठाही बंद पडून, रुग्णांना सर्वाधिक गरज होती त्याच वेळी रुग्णालय निकामी झाले. पुढे ते पाडावे लागले.

आग : छपरातील द्रव्ये खालच्या आगीस इंधन पुरवू शकतात, हे मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे दिसून आले. तेथील जनरल मोटर्स कंपनीचा स्वयंचलित गिअरपेट्यांचा, सु. १४ हेक्टर विस्ताराचा कारखाना १२ ऑगस्ट १९५३ रोजी भस्मसात झाला. आगीच्या उष्णतेने पोलादी तक्त्यावरील डांबर वितळले, पत्र्यांच्या सांध्यांतून खाली ठिबकले व आग दूरवर पसरली. गिअरपेट्यांसाठी या एकाच कारखान्यावर अवलंबून असलेल्या मोटारींचे उत्पादन खोळंबले. त्यानंतर छपराचा केवळ वरचा पृष्ठभाग न तपासता तक्ता, ऊष्मानिरोधक व आवरण यांच्या संपूर्ण संचाची अग्निपरीक्षा घेण्याची पद्धत विमा क्षेत्रात रूढ झाली.

यंत्रसामग्री व छेद : संगणककेंद्रात यंत्रांची उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. त्यासाठीची शीतलन यंत्रे पुष्कळदा छपरावरच बसवितात. त्यांच्या नळांसाठी व केबलींसाठी छपराला छेद पडतात. अखंड पृष्ठभागापेक्षा असे छेद, सांधे व कठड्याचे पायथे येथेच गळती अधिक संभवते. म्हणून छेद कमीत कमी ठेवून ते संगणककक्षाच्या माथ्यावर न घेता मार्गिका किंवा जिन्याच्या भागावर एकत्र आणतात व त्यांभोवती सु. २० सेंमी. उंचीचे कठडे बांधतात. तापमानात ३०° से. फरक पडल्यास ५० मी. लांबीचा काँक्रीटचा स्लॅब सु. १५ मिमी.ने लांबतो किंवा आखडतो. त्यासाठी ठेवलेला प्रसरण सांधाही यंत्रांच्या डोक्यावर येऊ देत नाहीत.

बाष्प : थंड देशांत खोलीतील उबदार हवेतील बाष्प छपराकडे जाते, म्हणून बाष्परोधक थर ऊष्मानिरोधकाच्या आतील बाजूस देतात. कोकणपट्टीसारख्या दमट, उष्ण प्रदेशात वातानुकूलित इमारतीत हा प्रवाह उलटा, बाहेरून आत असतो. तेथे बाष्परोधक बाहेरच्या बाजूस हवा. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलल्यास ऊष्मानिरोधकात पाणी साकळते व पाऊस नसतानाही छत ठिबकू लागते.

परीक्षण व नूतनीकरण : नव्या छपरावर पाणी साठवून एकदोन दिवस गळती पाहण्याची चाचणी जुनी व खात्रीची आहे, पण खाली यंत्रे चालू असताना ती धोक्याची ठरते. तेव्हा सौम्य विद्युत् दाबाच्या साहाय्याने थरातील छिद्रे शोधतात किंवा सूर्यास्तानंतर अवरक्त छायाचित्रण करतात. ओला ऊष्मानिरोधक कोरड्यापेक्षा सावकाश निवत असल्याने चित्रात वेगळा दिसतो.

चालू इमारतीवर थर बदलताना छपराचे लहान भाग पाडून, त्या दिवशी जेवढा भाग संध्याकाळपर्यंत पुन्हा जलाभेद्य करता येईल तेवढाच उघडतात. ज्योतीने थर चिकटविणे टाळून थंड चिकटद्रव्ये वापरतात. ड्यूसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी इमारतीवरील रस्त्याच्या सांध्याचे जोडकाम चालू असता खालच्या छतातील पॉलिस्टायरिनाने पेट घेतला व १७ जण मृत्युमुखी पडले. पावसाळ्यापूर्वी निचऱ्याची तोंडे साफ करणे, यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांसाठी ठराविक पायवाटा आखून देणे व प्रत्येक नव्या छेदाची नोंद ठेवणे ही कामे खर्चाने लहान आहेत. परंतु उत्तम छपरेही बहुधा त्यांच्या अभावीच निकामी होतात. अशा छपराचे मोल त्याच्या बांधणीच्या खर्चावरून नव्हे, तर खालची सेवा थांबल्यास होणाऱ्या हानीवरून ठरवावे लागते.