लॅपटॉप घेताना तिसरा आकडा पाहा

बुलडाणा, चिखली, खामगाव इथे शिक्षणासाठी लॅपटॉप घेणाऱ्या मुलामुलींना आम्ही सांगतो, नुसते ‘रायझन ५’ हे नाव पाहून पैसे देऊ नका. एएमडीच्या ७५२०यू आणि ७५३०यू या प्रोसेसरांत फरक एका आकड्याचा दिसतो. पण पहिल्यात ४ कोअर, ८ थ्रेड आणि जुनी झेन २ रचना. दुसऱ्यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि झेन ३. या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. टायपिंग, ऑनलाइन वर्गांना तो पुरतो. कोडिंग, व्हिडिओ संपादनाला ७५३०यू बरा. ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारा, ही कालाम सुत्ताची शिकवण दुकानातही लागू आहे. आईबापांच्या घामाचा पैसा पारखूनच खर्च करा. जयभीम!