बालवर्गात मूल शिकते ते कसे?

असत्य बोलण्याविषयी राहुलाला उपदेश करताना तथागतांनी व्याख्यानाने आरंभ केला नाही. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते त्यांनी राहुलाला दाखवले. मग ते ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उताणे केले. आणि प्रत्येक वेळी त्याला काय दिसते ते विचारले. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात हा प्रसंग आला आहे. परंपरेने त्या वेळी राहुलाचे वय सात वर्षांचे मानले आहे. लहान मुलाला एखादा विचार द्यायचा तर तो आधी त्याच्या डोळ्यांसमोर आणि हाताशी असलेल्या वस्तूत दिसला पाहिजे, हे या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांतूनही होत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक. बालवर्गाशी माझा संबंध यावयाचे कारण नव्हते. परंतु पाचवीत आलेली काही मुले फळ्यावरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात आणि त्याच मजकुरावर साधा प्रश्न विचारला की मान खाली घालतात, हे वर्षानुवर्षे पाहत आलो. ही मान कुठून खाली जाऊ लागते, हे शोधत मी बालवर्गाच्या दारापर्यंत आलो आणि बाईंच्या परवानगीने मागच्या सतरंजीवर काही दिवस बसलो.

पहिला धडा मला चिंचोक्यांनी दिला. चार वर्षांचा एक मुलगा एक ते पन्नास अंक न अडखळता म्हणत होता. बाईंनी त्याला टोपलीतून पाच चिंचोके मागितले. त्याने मूठभर आणून दिले. मोजायला सांगितले तेव्हा तोंड अंकांच्या गतीने धावू लागले आणि बोट चिंचोक्यांच्या गतीने. दोघांची गाठ पडेना. अंक म्हणणे ही त्याच्यासाठी एक लय होती. एका चिंचोक्याला एकच अंक द्यायचा, कोणताही चिंचोका दोनदा मोजायचा नाही, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा त्या शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून साऱ्या ढिगाची संख्या आहे, या तीन गोष्टी त्याला अजून उमगायच्या होत्या. आपण मोठी माणसे त्या कधी शिकलो हेही विसरून गेलेलो असतो.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे होती. बाईंनी सात-सात चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या. दोन्ही सारख्याच, हे मुलांनी मान्य केले. मग मुलांच्या देखत एक रांग जरा लांब पसरली. बहुतेक मुले म्हणाली, आता हीच जास्त! स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या या विचारपद्धतीचा सखोल अभ्यास केला होता. सहा-सात वर्षांच्या आतील मुलाला रांगेची लांबी संख्येपेक्षा अधिक खरी वाटते. यात मठ्ठपणा नाही, आणि ‘चूक’ म्हणून दटावल्याने तो भ्रम जातही नाही. तो जातो वाटणीने. प्रत्येकाला एक बिस्कीट, एक वाटी, एक खडू. उरले का, कमी पडले का? दररोज हे करता करता एके दिवशी मूल स्वतःच म्हणते की नुसते पसरल्याने वाढत नाही.

लेखनाचेही असेच आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात आणि बोटांत ‘क’चे वळण पेलण्याची ताकद आलेली नसते. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने भिंत रंगवणे, यांतून ती येते. आणि केवळ हाताचीच तयारी नव्हे. एका मुलीने वेड्यावाकड्या रेघा ओढून मला सांगितले की ही तिची आजी आहे, आणि हे आजीचे नाव. कागदावरची खूण कोणाच्या तरी ठिकाणी उभी राहू शकते, हे तिला कळले होते. लेखनातील सर्वांत अवघड शोध तिने लावला होता. अक्षरे नंतर येतील.

वंदनेच्या वेळीही हेच पाहावे. त्रिशरण-पंचशीलातील पाली शब्द या मुलांच्या तोंडी पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात. परंतु हात कसे जोडायचे, कुठे थांबायचे, शेजारचा रडत असला तर हळूच त्याच्याकडे कसे सरकायचे, हे कोणी न शिकवता ती मोठ्यांकडे पाहून उचलतात. खेळाच्या कोपऱ्यात एकदा लाकडी ठोकळ्यांची जयंतीची मिरवणूक निघाली होती. पुढे कोण, निळा झेंडा कोणाच्या हाती, ढोल कुठे, यावर वीस मिनिटे वाद चालला. क्रम लावणे, आपले म्हणणे पटवून देणे, माघार घेणे, सारे त्यात होते.

आता भाषेविषयी. आमच्या विदर्भातील घरांत टोमॅटोला भेदरं म्हणतात आणि शेताला वावर. तक्त्यावरचे चित्र पाहून मूल ‘भेदरं’ म्हणते, म्हणजे त्याने वस्तू ओळखलेली असते. त्याच क्षणी ‘असे नाही म्हणायचे’ हे वाक्य आले तर मूल टोमॅटो शिकते खरे. पण त्याबरोबर हेही शिकते की आईचे बोलणे शाळेत चालत नाही. असे पाच-पन्नास वेळा झाले की ते गप्प राहू लागते. माझ्या पाचवीतील खाली गेलेल्या मानांचा एक धागा मला इथे सापडला. बाईंनी त्या मुलाला एवढेच म्हटले: हो, भेदरं, यालाच टोमॅटोही म्हणतात. मुलाच्या पदरात दोन शब्द पडले आणि त्याचा पहिला शब्द कोणी हिरावून घेतला नाही.

हे सारे पालकसभेत सांगणे मात्र सोपे नाही. ‘गुरुजी, पोरीला खेळायला नाही पाठवलं. वही कोरी कशी?’ असा प्रश्न एका पित्याने विचारला तेव्हा मी त्यांच्यावर चिडू शकलो नाही. ज्या समाजाच्या मुलांना पिढ्यान् पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्या समाजातील पित्याला भरलेली वही हवी असणे स्वाभाविक आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव कोपऱ्यात वेगळे बसत, ते बसण्याचे गोणपाटही रोज घरून आणत आणि संध्याकाळी परत नेत. पुढे 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या 100 मुलांपैकी 18च चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात. म्हणजे नाव पटावर चढणे आणि शिक्षण अंगी मुरणे यांतील अंतर त्यांनी तेव्हाच मोजले होते. तीन वर्षांच्या मुलीकडून शंभर वेळा ‘अ’ गिरवून घेतल्याने हे अंतर कमी होत नाही, असे माझे मत आहे. ती गिरवते, कंटाळते, आणि शाळा म्हणजे दुखणारी बोटे असे समजून बसते.

महाराष्ट्रात याचा वस्तुपाठ जुना आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने वापरली. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथली. 1975 पासून शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हा शब्द गावोगावी पोहोचला. पण आपल्या वस्त्यांत अंगणवाडी म्हटले की आजही आधी खिचडीच आठवते! खिचडी हवीच; तिच्या जोडीला चिंचोक्यांची टोपलीही मागितली पाहिजे.

त्या पित्याला बाईंनी पुढच्या सभेत मुलीशेजारी सतरंजीवर बसवले. मुलीने त्यांच्यापुढे चिंचोके ओतले आणि सहा मागितले. त्यांनी अंदाजाने मूठ पुढे केली. तिने एकेक करून मोजले, दोन परत टोपलीत टाकले. सभा संपल्यावर त्यांनी वहीची चौकशी केलीच. पण त्याआधी घरी किती चिंचोके लागतील, हे विचारून घेतले.